मधुमालतीला धाक

मधुमालती मरत नाही. हे मी कुठं वाचून सांगत नाही, मी तिला मारून पाहिलं आहे म्हणून सांगते. कुऱ्हाड झाली, उकळतं पाणी झालं, खडं मीठ झालं. आज सकाळी फाटक उघडायला गेले तर फरशीच्या फटीतून बोटभर कोंब वर आलेला. ये बाई, ये, म्हटलं. तुझंच घर आहे.

माझी मुलगी मात्र येत नाही. ती गोंदियात राहते, आमच्या फुलचूरच्या घरापासून ऑटोनं पंधरा मिनिटांवर. दीड वर्ष झालं, तिनं या घरात पाय ठेवलेला नाही. तिनं एकदा यावं, एक रात्र इथं निजावं, एवढंच मला हवं आहे, आणि तेवढंच होत नाही. का होत नाही ते सांगायचं तर या वेलीपासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही फुलचूरला घर बांधलं तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. माझा नवरा राईस मिलमध्ये नोकरीला, मी घरी शिलाई करायची. फाटकावर लोखंडी पाइपाची कमान केली होती आणि ती उघडी बघवत नव्हती. माझं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाकडचं. तिथं माझ्या आईच्या दारात जुनी मधुमालती होती, तिच्या बुडाशी फुटवे निघायचे. मुळासकट एक फुटवा ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीनं आणला आणि कमानीखाली लावला.

वेल वाढली म्हणजे काय वाढली! एका पावसाळ्यात कमान झाकली, दुसऱ्या पावसाळ्यात विजेच्या तारेपर्यंत गेली. पण फूल एक नाही. तीन वर्षं नुसती पानं. शेजारीण दुधाचा धंदा करायची, हिंदी बोलणारी बाई, तिच्या म्हशींचं शेण मी दर आठवड्याला टोपली टोपली आणून बुडाशी ओतायची. फुलं येत नाहीत म्हटलं की आणखी एक टोपली. माझा जीव नुसता जळायचा. एवढं खाऊ-पिऊ घालते आणि ही मेली तोंड फिरवून उभी!

चौथ्या वर्षी पोळ्याला आई आली. तिनं वेल पाहिली, पानं चुरगाळून पाहिली आणि मला म्हणाली, "तू हिले लाडावून ठेवली. झाडाले धाक नाई देल्ला तं थे फुलते कायले?"

आमच्या माहेरी न फुलणाऱ्या झाडाला धाक द्यायची रीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एकानं कुऱ्हाड घेऊन झाडापुढं उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "फुलतेस का तोडू?" झाडाला तोंड नसतं, म्हणून दुसऱ्या कुणीतरी झाडाच्या वतीनं बोलायचं, "नोको तोडू, औंदा फुलतो." आणि बोलणं खोटं वाटू नये म्हणून एक घाव खरा घालायचा. आईनं कुऱ्हाड माझ्या हाती दिली आणि वेलीच्या वतीनं बोलायला माझ्या मुलीला उभं केलं. ती तेव्हा बाराची. खोडाला पाठ लावून उभी राहिली.

मी विचारलं, "फुलतेस का तोडू?" मला नाटक जमत नाही, मी खरंच चिडून विचारलं असणार. पोरगी पांढरीफटक पडली. "नोको तोडू" एवढं म्हणाली आणि पुढचं विसरली. "बोल ना वो पोट्टी!" आई ओरडली. पोरीनं दोन्ही हात मागं घेऊन खोडाला मिठी मारली आणि रडायला लागली. आणि मी घाव घातला. तिच्या बोटांपासून वीतभर खाली बसला. खोडाचा टवका उडाला, चीक आला. आम्ही सगळे हसलो, मी, आई, नवरा, फाटकाबाहेरून बघणारी शेजारीण. पोरगी मात्र तिथंच लघवी करून बसली आणि मी तिला त्यासाठीही एक धपाटा घातला.

दिवाळीला वेल फुलली. झुबके लोंबले, संध्याकाळी पांढरे, सकाळी गुलाबी, दुसऱ्या दिवशी लाल. गल्लीभर वास सुटला. लोक थांबून विचारायचे. मी छाती पुढं काढून सांगायची, धाक दिला म्हणून.

आता मला कळतं की त्याच पावसाळ्यात शेजारणीनं म्हशी विकल्या होत्या आणि शेण बंद झालं होतं. नुसत्या शेणावर मधुमालती पानंच काढत बसते. शिवाय विजेच्या तारेला लागते म्हणून त्याच आठवड्यात नवऱ्यानं तिचे शेंडे छाटून टाकले होते, आणि ती फुलते नव्या फुटीवर. हे मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मी मारलं आणि ते फुललं, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

या वेलीची एक खोड आहे. पान गळतं, पण पानाचा देठ पूर्ण गळत नाही. त्याचं बूड फांदीवर राहतं, वाळतं, आणि त्याचा काटा होतो. जुनी फांदी हातात धरली की तळवा फाटतो. छाटणी करताना माझे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले असायचे. तरी फांदी लवचीक असते, तुटता तुटत नाही.

मुलगी नववीत असताना गणितात नापास झाली तेव्हा मी पहिल्यांदा ती फांदी वापरली. हाताशी होती म्हणून वापरली. मी ओट्यावर बसून छाटणी करत होते, तिनं निकालपत्र पुढं केलं, आणि माझ्या हातात होती तीच फांदी तिच्या पाठीवर बसली. मी मोजलं नाही. तिचा पिवळा कुर्ता पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी लाल झाला, तेव्हा कळलं की काटे होते. मग मीच तिला आत नेलं, कोमट पाण्यानं कुर्ता सोडवला आणि हळद लावली. मारायचं आणि हळद लावायची, दोन्ही मीच करायची. नवरा जेवता जेवता म्हणाला, "आईचा मार हाये, तो लागत नाई." मला ते वाक्य फार आवडलं होतं.

त्यानंतर फांदी घरातच आली. दाराच्या मागं उभी असायची. उशीर झाला, मार. उलटून बोलली, मार. दहावीत तिच्याकडं कुणाचा तरी मोबाईल सापडला, त्यात एका मुलाचा मेसेज होता, "जेवलीस का" एवढाच, बाकी काही नाही. त्या दिवशी मी तिला कमानीखाली उभं करून मारलं, गल्लीच्या देखत. फांदी तुटली तर दुसरी तोडली. वरनं बिरशीच्या पायलट शाळेचं छोटं विमान घिरट्या घालत होतं, त्याच्या घुंघुंत मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून मी आणखी ओरडत होते. शेजारीण फाटकाशी उभी राहून म्हणाली, "ठीक कर रही हो भाभी, लातों के भूत बातों से नहीं मानते."

पोरगी ओरडायची नाही. मला तेच डसायचं. दात आवळून उभी राहायची, डोळे मिटून. ओरडली असती तर मी थांबले असते, असं मी स्वतःला सांगत आले आहे. खरं नाही ते. माझ्या आईनं मला बैल हाकायच्या तुतारीनं, आर लावलेल्या काठीनं, मारलं तेव्हा मी गाव गोळा होईपर्यंत ओरडायची, ती कुठं थांबायची?

मुलगी दहावी पास झाली, बारावी झाली, बी.कॉम. झाली. मी पेढे वाटताना प्रत्येकाला सांगितलं, धाक होता म्हणून. मग आमगावकडचं स्थळ आलं. धानाची शेती, खताचं दुकान, एकुलता मुलगा. मांडवात आम्ही नवरा-बायकोनं त्याचे पाय धुतले. माझी मान ताठ होती.

लग्नाला चार वर्षं झाली तेव्हाचा मे महिना. मुलगी दीड वर्षाच्या लेकीला घेऊन दोन दिवसांसाठी आली. गोंदियाचा मे, अंगावर पातळ सुद्धा नकोसं होतं, आणि ही मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाऊज घालून. मी म्हटलं, "काऊन वो, जीव जाते ना उकाड्यानं. बाह्या तं वर कर." ती म्हणाली, "राहू दे." मी दुपारी तिच्या नकळत, ती पोरीला पाजत असताना, बाही मागं ओढली.

काठी मारली की कातडीवर एक रेघ उठत नाही, दोन उठतात. मधली जागा पांढरी राहते आणि दोन्ही कडांना निळी रेघ येते. कुणाला माहीत नसेल. मला माहीत होतं. मी त्या रेघा काढल्या होत्या. ती म्हणाली, "न्हाणीत घसरली." मी म्हटलं, "घसरल्यावर अशी जोडी उठत नाई." तिनं पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पोरीला मारलं! मी नऊ महिने पोटात वागवलेल्या पोरीला! रात्रभर नवऱ्याला डोळा लागू दिला नाही. तो म्हणे, समजुतीनं घेऊ, चार लोकांना मध्ये घालू. म्हटलं, तुमचे चार लोक चुलीत घाला.

दुसऱ्या दिवशी जावई मोटरसायकलवर तिला न्यायला आला. वेल ऐन बहरात होती, कमानीखाली सावली होती, तिथं त्याला खुर्ची टाकून दिली. पाणी दिलं. जावयाला पाणी द्यायचं असतं, ते मी दिलं. मग विचारलं, "माह्या पोरीच्या हातावर काय हाये?"

तो हसला. पेला खाली ठेवला, तोंड पुसलं. "घरचा मामला हाये," म्हणाला. "तिले इथंच वळण असतं तं मले हात उचलायची पाळी आली असती काय?"

मी हात वर केला, हाताला लागली ती फांदी ओढली. फुलांसकट तुटली. पहिला फटका त्याच्या कानावर बसला. दुसरा मानेवर. तो खुर्चीसकट मागं पडला आणि मी त्याच्या अंगावर उभी राहून मारत राहिले. कानाची पाळी फाटली, रक्त शर्टावर आलं. तो शिव्या देत होता, पाय झाडत होता, एक लाथ माझ्या पोटात बसली, तरी मी मारत होते. लाल फुलं त्याच्या तोंडावर, केसांत. नवरा दारात खांब होऊन उभा. शेजारीण ओरडली, "अरे छोड़ो भाभी, दामाद है!" फांदीच्या पार चिंध्या झाल्या तेव्हा मी ओट्यावरचा विळा उचलला. खोटं कशाला बोलू, मी तो चालवणार होते.

माझं मनगट कुणीतरी धरलं. असं धरलं की विळा गळून पडला. मला वाटलं नवरा आहे. मुलगी होती.

"चल घरात," मी तिला म्हटलं. मला धाप लागली होती. "चल. याच्याकडं नाई जायचं आता. आपल्या घरी राह्य."

"कोणत्या घरी?" ती म्हणाली.

मला कळलंच नाही. "आपल्या. माह्या."

तिनं मनगट सोडलं नव्हतं. आवाज चढवला नाही, कधीच चढवत नाही. "लग्न झालं त्याच्या पहिल्या महिन्यात यानं माह्या पाठीवरचे वण पाह्यले. इचारलं, कोणं मारलं? मी सांगतलं, आईनं. मंग इचारलं, तू काय केलं? मी सांगतलं, काई नाई. तवा हासला होता. दुसऱ्या दिवशी पह्यल्यांदा मारलं."

शेजारीण ऐकत होती, नवरा ऐकत होता. जावई कानाला रुमाल लावून उठून बसला होता, त्यानंही ऐकलं, आणि तो नाही म्हणाला नाही.

मी तिला थोबाडीत मारली.

आजही हे सांगायचं टाळावंसं वाटतं. पण मारली. शब्द सापडले नाहीत आणि हात सापडला. तिची मान एका बाजूला गेली, परत आली. तिनं आत जाऊन पिशवी भरली, पोरीला कडेवर घेतलं आणि मोटरसायकलवर त्याच्या मागं जाऊन बसली. कान फाटलेला नवरा पुढं, माझी पोरगी मागं. मी रस्त्यापर्यंत धावले. "नोको जाऊ वो!" म्हणून ओरडले. "माहं चुकलं, नोको जाऊ!" गाडी फाट्यावरून वळली.

मग मी कुऱ्हाड काढली. त्या दुपारी मी वेल बुडापासून तोडली. मनगटाएवढं खोड झालं होतं, अकरा-बारा घाव लागले. कमानीवरनं ओढून काढताना काटे हातांत, मानेत, गालात घुसले, मी ओढत राहिले. पाइप वाकला. सगळा ढीग अंगणात पेटवला, ओली होती, जळता जळेना, धूर नुसता. नवरा म्हणाला, "वेलीनं काय केलं?" कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ती म्हण मी दुसऱ्यांना लावत आले होते. त्या दिवशी दांडा माझ्याच हातात होता.

श्रावणात बुडातून सात कोंब आले. उपटले. उकळतं पाणी ओतलं. महिन्याभरात फरशी उचलून बाजूनं आले. मीठ पुरलं. कमानीपासून चार हातांवर, नळाच्या शेजारी निघाले. शेवटी मीच थकले. आता मी तिला पाणी घालत नाही, खत नाही, छाटणी नाही, आणि ती कमानीवर चढून पुन्हा फुलते आहे.

मुलीचा फोन बंद असायचा. नवरा दोनदा आमगावकडं जाऊन आला, त्याला फाटकातूनच परत पाठवलं. त्या सात महिन्यांत मी तिला रोज मेलेली पाहिली. भाजी चिरताना, मशीनवर बसल्यावर, रोज.

पौषात जावयानं तिचा डावा हात तराजूच्या वजनानं मोडला. दुकानातलं पाच किलोचं माप. त्याच दिवशी ती लेकीला घेऊन निघाली. पोलीस ठाण्यात गेली, दवाखान्यात गेली, हाताला प्लास्टर घातलं आणि गोंदियात कॉलेजच्या मैत्रिणीकडं उतरली. तिचा ऑटो आमच्या फाट्यावरून गेला असणार, दुसरा रस्ता नाही. मोडक्या हातानं, कडेवर लेकरू घेऊन, ती माझ्या दारावरून पुढं गेली.

आता तिनं एक खोली घेतली आहे. कपड्यांच्या दुकानात हिशेब बघते. कोर्टात केस चालू आहे. बापाला तिनं लगेच येऊ दिलं, तो आठवड्याला डबा घेऊन जायचा, डबा मीच करायची, हे तिला माहीत होतं आणि ती खायची. मला चार महिन्यांनी निरोप आला, रविवारी ये म्हणून.

तेव्हापासून रविवारी जाते. आम्ही भांडत नाही. तिचा हात थोडा वाकडा बसला आहे, त्या हातानं ती चहा गाळते आणि मी बघत नाही असं दाखवते. पहिल्यांदा गेले तेव्हा मी माफी मागायला लागले, तर ती म्हणाली, "आई, साखर किती टाकू?" दुसऱ्यांदा मागितली, तर उठून कपडे वाळत घालायला गेली. मग मी मागायचं सोडलं. प्रत्येक वेळी निघताना मात्र म्हणते, "दिवाळीले ये ना वो घरी. एक दिवस." ती म्हणते, "पाहू."

नात तीन वर्षांची होत आली आहे. माझ्या मांडीवर बसते, माझ्या गालावरचा काट्याचा वण बोटानं कोरते. मी तिला आजवर बोटही लावलेलं नाही. मला वाटायला लागलं होतं की जमतंय. मुलगीही गेल्या दोन रविवारी माझ्याशी दुकानातल्या गमती बोलली, एकदा हसली. म्हटलं, या दिवाळीला येते बघ.

गेल्या रविवारी नात गादीवर उभी राहून दूध पीत होती. पेला निसटला, सगळं दूध गादीवर. मी जवळ होते. माझ्या डोक्यावर दोरी होती, दोरीवर फडकं. मी झटकन उठले आणि हात वर केला.

मुलगी चुलीपाशी होती. ती तिथून कशी आली मला दिसलं नाही. एकदम पोरीवर पडली होती, तिला पोटाखाली घेऊन, वाकडा हात स्वतःच्या डोक्यावर आडवा धरून, पाठ माझ्याकडं करून. दात आवळलेले, डोळे मिटलेले. तीस वर्षांची बाई.

माझा हात वरच होता. फडक्याला लागला होता. "अवं, फडकं," मी म्हटलं. "दूध पुसायले फडकं काढून राहिली होती मी."

"माहीत हाये," ती म्हणाली, आणि पोरीवरून उठली नाही.